बायाच्या फोनमधलं कुलूप

१

बुधवारी सकाळी खटावकरने बायाला तिचंच पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं.

ती बंगल्याच्या ओट्यावर पोतेरं फिरवत होती. खटावकर खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि तिच्याच बोलीत सुरू झाला, "माझ्या मालकाला सायबानी पत्र्यावर चढवला. शिडी धराया कुणी नव्हतं. आता म्हनत्यात, त्यो त्या दिवशी कामावरच नव्हता." शेवटची ओळसुद्धा सोडली नाही. "मी खोटं बोलत न्हाई, माझ्या लेकराची आन." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "महिनाअखेर खोली रिकामी कर."

खटावकर म्हणजे धुकेवाट इस्टेटचा मॅनेजर. लोणावळ्याहून औंढ्याकडे जाताना खालच्या अंगाला त्यांचे अकरा बंगले आहेत. मालक मुंबईत, पाहुणे शनिवार-रविवारचे. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक बंगल्यात एक बाई नाहीतर एक गडी, कुणीही न झोपलेल्या पलंगांवरची धूळ झटकत. बोलायला भिंती. बाया आणि तिचा नवरा कान्हू तिथं चौदा वर्षं आहेत. दसऱ्याच्या आधी पत्र्यावरचा पाला काढताना कान्हू पडला, कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून तो बंगल्यामागच्या खोलीत पाठीवर आहे. त्यांची वाडी वर डोंगरात. रस्ता नाही. कान्हूला झोळीत घालून न्यायचं तर चार माणसं आणि तीन तास, आणि वर नेल्यावर दवाखाना खालीच राहणार.

म्हणजे खोली गेली तर कान्हू गेला. इतकं सरळ होतं ते.

बाया चालत भांगरवाडीला माझ्या दारात आली. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसली.

"भाऊ, तुमची पेटी फुटकी हाय जनू. म्या काल दुपारी बोलले आन आज त्येला समदं पाठ?"

ती "बोलले" म्हणाली, कारण ती लिहीत नव्हती. चौथीनंतर शाळा सुटली होती. फोनमध्ये बोलायची, फोन अक्षरं उमटवायचा.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"कुनाला सांगू? भिताडाला?"

"कान्हूला?"

"त्यो निजला व्हता. आन जागा असता तरी त्येनं काय हितनं उटून सायबाकडं जायचं?"

बरोबर होतं. मला त्याच क्षणी एक नाव सुचलं होतं. माणसाला पहिलं नाव सुचतं ते पुराव्यामुळे नाही, जुन्या रागामुळे सुचतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त चप्पल शोधत होतो.

२

ती पेटी आमची होती. पेटी म्हणजे वेबसाइट. बंगल्यांवर राबणाऱ्यांनी आपली गाऱ्हाणी नाव न लिहिता तिथं टाकायची. आम्ही तीन माणसं. मी, सुहास ओव्हाळ, देहूरोडच्या डेपोत तेहतीस वर्षं स्टोअरकीपर, आता निवृत्त. बायको गेली, मूल नाही. दुसरा प्रदीप, माझ्याबरोबर देहूरोडच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला, तळेगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तिसऱ्या रुपाली बाई, औंढ्याच्या शाळेत शिकवतात. पत्रं त्या वाचायच्या, वाचून लेबर ऑफिसला कागद करायच्या. साइट चालवायचा प्रदीप. मी काय करायचो? मी नियम करायचो. डेपोतून सुटलेला माणूस दुसरं काय करणार.

साइट उभी राहताना आमचं एकच भांडण झालं, ते कुलपावरून.

वेबसाइटला ओळखपत्र लागतं. त्याला एसएसएल सर्टिफिकेट म्हणतात. ते असलं की पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं, आणि पाठवलेलं पत्र वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण ओळखपत्र आपलं आपण लिहून चालत नाही. त्यावर मोहोर मारणाऱ्या संस्था असतात. फोनच्या पोटात अशा भरवशाच्या मोहोरांची एक यादी असते. साइट ओळखपत्र दाखवते, फोन मोहोर यादीशी ताडून बघतो. जुळली तर कुलूप. नाही जुळली तर लाल पाटी. ही मोहोर कुणाकडून घ्यायची, यावर आम्ही तीन आठवडे एकमेकांचं डोकं खाल्लं.

मी डेपोच्या शिस्तीप्रमाणे तीन कंपन्यांची कोटेशनं मागवली, फायलीत लावली. प्रदीप हसला. म्हणाला, "फुकट देणारी संस्था आहे. अर्धं जग तिच्याकडून घेतंय."

"फुकट का देते मग?"

"तुझ्या बापाची पुण्याई म्हणून! अरे, आतली कडी एकाच मापाची. फुकटवाल्यांचं नव्वद दिवसांचं असतं, आपोआप बदलतं. विकतवाल्यांचं जास्त दिवसांचं असतं आणि वर त्यांचा माणूस फोन करून कान किटवतो."

"फुकटचं कुलूप फुकटात फुटतं, प्रदीप."

"तू स्टोअरकीपर म्हणूनच मरशील, सुहास."

रुपाली बाईंनी त्याच्या बाजूने हात वर केला. कुलूप फुकटचं लागलं. माझी फाईल कपाटात गेली आणि मी वर्षभर वाट बघत राहिलो. कशाची, ते कबूल करायला लाज वाटते.

बुधवारी दुपारी मी शाळेत गेलो. रुपाली बाईंनी लॅपटॉप उघडला. बायाचं पत्र यादीत होतं, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. पुढे जाड अक्षरात शेरा: न वाचलेलं.

"मी काल सुदुंबऱ्याला होते, ट्रेनिंगला," बाई म्हणाल्या. "उघडलंच नाही अजून."

कुणी पत्र उघडलं की शेरा बदलतो. बदलला नव्हता. म्हणजे पेटीचं झाकण कुणी उचलून बघितलं नव्हतं. पण तळातून, झाकणाला हात न लावता, सगळी पत्रं बघू शकणारा एक माणूस होता. ज्याच्या हातात सर्व्हर होता तो.

"सुहासदादा, तसं तोंड करू नका," बाई म्हणाल्या. "तो तसा नाही."

मी ऐकलं नाही. तीन कोटेशनं फायलीत आणि कान बंद.

३

प्रदीप वलवणला राहतो. दर रविवारी सकाळी दहाला तो माझ्याकडे यायचा, दोन डाव कॅरम, दोन कप चहा. बावीस वर्षांत चुकला असेल तो त्याच्या आईच्या दहाव्याला आणि एकदा कावीळ झाली तेव्हा. बाकी आठवड्यात माझ्या दाराची कडी फक्त दूधवाला वाजवतो.

मी दारातच विचारलं, "खटावकरला ओळखतोस?"

"तोंडओळख आहे. आमच्या कारखान्याची पार्टी झाली होती त्यांच्या बंगल्यात. का रे?"

"किती मिळाले?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. माणसाला असं कळताना मी पहिल्यांदा बघितलं, चेहऱ्यावरचं सगळं सामान कुणी उचलून नेल्यासारखं.

"सुहास, आत ये. चहा घे. मग बोल."

"बायाचं पत्र उघडलेलं नाही, तरी त्याला पाठ आहे. तळात हात कुणाचा जातो? तुझा. कुलूप कुणी निवडलं? तू. मी सांगत होतो—"

"काय सांगत होतास? फुकटचं कुलूप फुटतं? कसं फुटलं ते सांग की. तांत्रिक कारण सांग एक."

माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, "कारण शोधायचं काम पोलीस करतील."

आतून त्याची बायको बाहेर आली आणि परत आत गेली. प्रदीपने वहीतलं पान फाडलं, पासवर्ड लिहिले, माझ्या हातात दिलं. "हे घे. सगळे बदल. माझं नाव काढून टाक. बदलायचे कसे ते खाली लिहिलंय, नाहीतर तू साइटच पाडशील."

मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा तो म्हणाला, "माझा स्ट्रायकर तुझ्याकडे आहे."

"आणून देतो."

"असू दे."

त्या रात्री मी सगळे पासवर्ड बदलले. गुरुवारी सकाळी मी बायाला फोन केला. तिकडे खड्ड्यात मोबाइलची रेंज नाही, बंगल्याच्या वायफायवरच फोन लागतो. म्हणालो, "आता पेटी पक्की आहे. काय हवं ते बिनघोर बोल."

तिने पत्र टाकलं. आमचा मानूस हालत न्हाई, दोन महिनं तरी खोली ऱ्हाऊ द्या, लेबर हापिसात आमचं म्हननं सांगा.

दुपारी एक वाजता तिचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, त्यो म्हनला, 'लेबर ऑफिसला जातेस काय? मग महिनाअखेर कशाला? शनिवारी सकाळी नऊला खोली खाली पायजे, अकराला पाहुणे हायेत.' तुमीच म्हनला व्हता ना, पक्की हाय म्हनून?"

प्रदीप आता पेटीबाहेर होता. त्याच्या हातात काही नव्हतं. आणि पत्र तरीही फुटलं होतं.

४

"आता माझी पाळी का?" रुपाली बाईंनी मला दारात बघताच विचारलं. शाळा सुटली होती. त्या एकट्याच वर्गात फळा पुसत होत्या.

"तसं नाही."

"तसंच आहे. विचारा. फक्त बूट काढून विचारा, पोरांनी आत्ता झाडलंय."

मी विचारलं नाही. गुरुवारचं पत्रही न वाचलेलं होतं. पासवर्ड आता माझ्याकडे आणि बाईंकडे, दोघांकडेच. मी स्वतः फोडलं नव्हतं, आणि बाईंना फोडायचं असतं तर त्यांनी पेटी काढलीच नसती. त्यांनी स्वतः रेशन दुकानावर, एसटीच्या थांब्यावर खळ लावून कागद चिकटवले होते. खटावकरला पेटीचा पत्ता तिथूनच कळला असणार. पत्ता कळणं वेगळं, आतलं कळणं वेगळं.

"दादा, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "पत्र पेटीतून फुटतंय हे कशावरून? पेटीत पडायच्या आधी फुटत असेल तर?"

"वाटेत? कुलूप असताना वाटेत वाचता येत नाही."

"मग तुमचं कुलूप फुकटचं आहे म्हणून फुटलं, की फुटत नाही म्हणून प्रदीपदादांनी फोडलं? एक काहीतरी ठरवा."

असं कुणी डेपोत बोललं असतं तर मी मेमो काढला असता. फळ्यावर अर्धवट पुसलेली गणितं होती. मी खडू घेतला. डेपोत माल चोरीला जायचा तेव्हा आम्ही एक युक्ती करायचो. तीन दारांनी तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावून माल पाठवायचा. बाहेर बाजारात ज्या रंगाची चिठ्ठी सापडेल, त्या दारात चोर.

शुक्रवारी सकाळी आम्ही तीन पत्रं टाकली. तिन्ही कान्हूच्या पडण्याबद्दल, तिन्हीत शिडी खोटी. पहिलं रुपाली बाईंनी शाळेच्या लॅपटॉपवरून: शिडी दोरीची होती. दुसऱ्यासाठी बाया सकाळी दूध आणायच्या निमित्ताने लोणावळ्यात आली, माझ्या खोलीत बसून, वायफाय बंद ठेवून, स्वतःच्या सिमकार्डावर बोलली: शिडी बांबूची होती. तिसरं तिनेच परत जाऊन, त्याच फोनवरून, बंगल्यातून पाठवायचं: शिडी निळी होती.

माझ्याकडे बसली असताना तिने फोन उघडायच्या आधी तो उलटा करून बघितला. फोनच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने चार आकडे.

"हे कशाला?"

"मागल्या म्हयन्यापास्नं आकडं मागतोय. आदी नुसतं बोट फिरवलं की उगडायचा. ध्यानात न्हाई ऱ्हात, मग पिंकीनं लिवून दिलं. समद्यांच्याच फोनला हाय."

"पिंकी कोण?"

"गेटवर बसती ती पोरगी. आन भाऊ, ह्ये तिरकुट बी बगा की. जातच न्हाई. म्या म्हनलं, फोन खराब झाला."

पडद्याच्या वरच्या कडेला एक इवलासा त्रिकोण होता. मी घाईत होतो. "राहू दे," म्हणालो. "तू नऊच्या आत पोच."

दोन गोष्टी माझ्या हातात आयत्या दिल्या होत्या तिने. मी दोन्ही खिशात न घालता खाली ठेवल्या.

५

साडेअकराला मी धुकेवाटच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर होतो. बाया आतून आली, कचऱ्याच्या पाट्या टाकायच्या निमित्ताने.

"आला व्हता?"

"आला की. म्हनला, 'काय गं, शिडी निळी व्हती व्हय? परवा तर तू रंग सांगितला नव्हता.'"

निळी. दोरीची नाही, बांबूची नाही. पेटी शाबूत होती. तोच फोन लोणावळ्यातून बोलला तर गुपित राहिलं, बंगल्यातून बोलला तर फुटलं. मी टपरीच्या बाकावर बसलो. प्रदीपच्या दारात मी उभा होतो ते आठवलं. चहा निवला.

पण अर्धंच सुटलं होतं. पत्र बंगल्याच्या वायफायवर फुटत होतं, ठीक. पण कुलूप होतं ना? वायफायच्या मालकाने मध्ये बसून, मीच पत्रपेटी, असं सोंग घेतलं तर फोनने लाल पाटी दाखवायला हवी. त्याच्याकडे मोहोर कुठली?

"बाया, कामगारांचं वायफाय वेगळं आहे ना? पासवर्ड सांग."

पाहुण्यांचं वेगळं, कामगारांचं वेगळं. मी फाटकाजवळ उभं राहून माझा फोन कामगारांच्या वायफायला जोडला आणि आमच्या पेटीचा पत्ता टाकला.

पडदा लाल झाला. कनेक्शन खाजगी नाही. कुणीतरी तुमची माहिती चोरत असू शकतं. माझा फोन कुत्र्यासारखा भुंकत होता. दुसऱ्या साइट उघडून बघितल्या, बिनबोभाट उघडल्या. लाल पाटी फक्त आमच्याच पत्त्याला.

"आता तुझा उघड."

बायाच्या फोनवर तीच पेटी, त्याच वायफायवर, गुपचूप उघडली. पत्त्याशेजारी कुलूप. माझा फोन भुंकतो, तिचा गप्प. कुत्रं चोरावर कधी भुंकत नाही? चोर घरचा असल्यावर.

मी तिच्या फोनवरच्या कुलपावर बोट ठेवलं. आत ओळखपत्र उघडलं. मोहोर कुणाची, या ओळीसमोर मला त्या फुकट देणाऱ्या संस्थेचं नाव दिसायला हवं होतं.

तिथं लिहिलं होतं: धुकेवाट इस्टेट.

मग मी तो त्रिकोण ओढून खाली घेतला. इंग्रजीत एकच ओळ होती. तुमच्या नेटवर्कवर कुणीतरी नजर ठेवत असू शकतं. बिचारा फोन महिनाभर ओरडत होता. ज्या बाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं तिच्याकडे, आणि जो वाचू शकत होता तो म्हणाला होता, राहू दे.

६

गेटच्या केबिनमध्ये पिंकी बसली होती. चोविसेक वर्षांची, सुदुंबऱ्याची, महिन्यातून एकदा घरी जाणारी. टेबलावर लाडवाचा असतो तसा स्टीलचा मोठा डबा.

"या डब्यात काय असतं?"

"फोन, काका. शनिवारी पाहुणे आले की स्टाफने फोन इथं जमा करायचे. शूटिंग करू नये म्हणून. सरांचा रूल आहे."

"आणि डब्यात असताना तू त्या फोनांचं काय करतेस?"

ती जराही दचकली नाही. इथंच मला कळलं की तिला माहीतच नाही. "वायफाय रजिस्ट्रेशन केलं मागच्या महिन्यात. सरांनी एक फाईल दिली होती, ती प्रत्येक फोनमध्ये टाकायची. फोनला पिन नसला तर फाईल जात नाही, मग मी पिन लावून दिले. विसरतात म्हणून पट्टीवर लिहिले. बंगल्यांचे अकरा आणि माझा, बारा केले. आधी माझा केला, बघायला."

त्या फाईलमध्ये खटावकरची मोहोर होती. फोनच्या पोटातल्या भरवशाच्या यादीत त्याने स्वतःचं नाव घुसवलं होतं. आता वायफायच्या पेटाऱ्याने आमच्या साइटचं खोटं ओळखपत्र बनवायचं, त्यावर स्वतःचा शिक्का मारायचा, आणि फोनने म्हणायचं, हो, ओळखीचे आहेत, या. पत्र आधी खटावकर वाचणार, मग तो पुढे आमच्याकडे सोडणार. आम्ही तिघं तीन आठवडे भांडलो मोहोर कुणाची घ्यायची यावर. विकतची घेतली असती तरी हेच झालं असतं, माझी तिन्ही कोटेशनं लावूनसुद्धा. इथल्या माणसांना सवयच लावलीय, साहेबाने डबा पुढे केला की फोन टाकायचा, आधार कार्ड मागितलं की द्यायचं, किल्ली मागितली की कमरेची सोडून द्यायची. चोराला कुलूप तोडायची गरजच पडली नाही.

मी हे पिंकीला समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, म्हणजे मी त्या पेटीत जे लिहिलं होतं दिवाळीत... ते पण?"

तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"म्हणून ते तेव्हापासून माझ्याकडे बघून हसतात," ती म्हणाली.

तिने काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. रुपाली बाईंना माहीत होतं. त्यांनीही सांगितलं नाही.

"सांगशील हे चारचौघांत?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"खोटं तरी सांगायचं, काका, की नाही जाणार म्हणून."

"खोटं सांगणारे तुझ्याकडे आहेत एक."

शुक्रवारी संध्याकाळी बाया बंगल्याबंगल्यांतून फिरली, सगळ्यांना सांगितलं, आणि फाटकाबाहेर आणलेल्या फोनांचे मी फोटो काढले. शनिवारी सकाळी साडेआठला अकरा बंगल्यांची माणसं फाटकात उभी राहिली. रुपाली बाई होत्या, मी होतो. खटावकर गाडीतून उतरला. नऊ वाजता त्याला एक खोली रिकामी हवी होती आणि अकराला एकोणचाळीस पाहुणे येणार होते.

"फोन डब्यात टाका आणि कामाला लागा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. पिंकी केबिनमधून बाहेर आली, डबा उलटा करून जमिनीवर ठेवला. "सर, ती फाईल तुम्हीच दिली होती," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा होता. "दहा तारखेला. मेल आहे माझ्याकडे."

"कसली फाईल? ए म्हाताऱ्या, तू कोण?"

"स्टोअरकीपर," मी म्हणालो. "बारा फोनांमध्ये तुमच्या इस्टेटचा शिक्का आहे. तारखेसकट फोटो काढलेत. आणि निळी शिडी कधी अस्तित्वातच नव्हती, खटावकर. ती मी काल सकाळी बनवली. जगात ती फक्त एका पत्रात होती. तुम्ही ती कुठं बघितलीत?"

त्याने बायाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. त्याला लाज आली असं मी लिहिणार नाही. त्याला फक्त मोजता येत होतं. अकराला पाहुणे, चादरी घालायला एकही हात नाही.

पावणेदहाला रुपाली बाईंनी सांगितलेला कागद त्याने लिहिला. कान्हू कामावर असताना पडला. चालता होईपर्यंत खोली त्याची. खाली सही. बायाने कागद मला वाचायला लावला, दोनदा. मग ती कान्हूकडे गेली आणि दारातूनच ओरडली, "ऐकलं का? लोळा आता मुकाट्यानं!"

आतून कान्हूचा आवाज आला, "त्ये म्हनं निळी शिडी कुनी आनली? आपल्याकडं तर कंदीच नव्हती!"

सगळी हसली. पिंकी हसली नाही. सोमवारी तिला काढलं. ती सुदुंबऱ्याला परत गेली. रुपाली बाई तिचा कागद लेबर ऑफिसात घेऊन फिरतायत अजून.

७

बाराही फोनांतून ती मोहोर मी स्वतः काढली, एकेक करून. त्रिकोण गेले. चिकटपट्ट्या सोलल्या.

शनिवारी संध्याकाळी मी वलवणला गेलो, खिशात स्ट्रायकर. प्रदीपच्या बायकोने दार उघडलं. "ते घरी नाहीत, भाऊजी," म्हणाली. दाराशी त्याच्या चपला होत्या. तिने मी चपला बघितल्याचं बघितलं. मी म्हणालो, "बरं, येतो." स्ट्रायकर तिच्या हातात द्यावा असं वाटलं, पण दिला असता तर काही उरलंच नसतं.

पासवर्ड परत त्याच्या नावाने चालू केले. रुपाली बाईंनी त्याला निरोप पोचवला. त्याने साइटचं काम परत हातात घेतलं. माझ्याशी बोलला नाही. बाईंना म्हणाला, "पेटीचं काय, पेटी चालली पाहिजे."

मग मी पेटीतच पत्र टाकलं. प्रदीपसाठी. लिहिलं की तू तांत्रिक कारण विचारलं होतंस, ते हे. लिहिलं की तुझं कुलूप फुटलं नव्हतं. लिहिलं की मी वर्षभर ते फुटायची वाट बघत होतो. बाईंना सांगितलं, हे तुम्ही उघडू नका. त्यांनी उघडलं नाही.

रविवारी दहाला मी कॅरमवर पावडर टाकतो. सवय आहे. साडेदहाला फडक्याने पुसतो.

डिसेंबर सरता सरता नव्वद दिवस भरत आले आणि कुलूप आपोआप बदललं, तो म्हणाला होता तसं. कुणाला फोन करावा लागला नाही, फाईल लावावी लागली नाही. आता मी पेटी उघडली की आधी कुलपावर बोट ठेवतो, मोहोर कुणाची ते वाचतो. त्याच फुकट देणाऱ्या संस्थेची असते. मग यादीत खाली खाली जातो. माझं पत्र तिथंच आहे. पुढे जाड अक्षरात शेरा: न वाचलेलं.